जोडीतली धाकटी डिस्क

१

फोनवरचा माणूस आधी नुसता श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आमची पेटी पडली हो."

मी डॉक्टर नाही. बिघडलेल्या हार्ड डिस्का उघडून त्यांतलं जमेल तेवढं परत मिळवून देणं हा माझा धंदा. नव्या डिस्का बसवणं आणि चालत्या असलेल्यांची देखभाल करणं हा जोडधंदा. रडवेल्या गिऱ्हाइकांनी मला डॉक्टरीणबाई म्हणायला सुरुवात केली आणि नाव चिकटलं. मीही हरकत घेतली नाही. दुखणाइतांना बरं वाटतं.

"कसली पेटी? आत डिस्का किती?"

"दोन. आमचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. सकाळी उघडला तर भिंतीवरची फळी निखळलेली आणि पेटी जमिनीवर. चालू आहे, पण आतून खरखर येतेय."

"अजून चालू आहे?"

"म्हटलं, थोड्या वेळानं थांबेल…"

"आत्ताच्या आत्ता वायर उपटा. तिला हातही लावू नका. मी निघालेच."

दुमजली घर होतं. वर कुटुंब, खाली स्टुडिओ. फोन करणारा मालक दारातच उभा होता. गोल चेहऱ्याचा, घामाघूम. "आत्यासाठी धावाधाव करतोय," तो म्हणाला. "मी तिचा भाचा. तुम्ही आत्याचा आवाज ऐकला असेल. सगळ्यांनीच ऐकलाय."

ऐकला होता. घराघरांत मुलांना झोपवणाऱ्या गोष्टी वाचणारा तो आवाज! त्याच आत्याच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांना स्वरयंत्र काढून टाकावं लागलं होतं. आता बोलणं कायमचं बंद. पण इस्पितळातल्या वाचातज्ज्ञांनी एक वाट दाखवली होती. जुनी रेकॉर्डिंग भरपूर असतील तर तिच्याच आवाजात बोलणारं यंत्र बनवता येईल. आत्यानं टाइप करायचं, यंत्रानं तिच्या आवाजात म्हणायचं. त्यासाठी लागणारं सगळं रेकॉर्डिंग त्या पेटीत होतं.

"दुसरी प्रत कुठे आहे?" मी विचारलं.

"दोन डिस्का होत्या ना, बाई. एकीत जे लिहिलं जातं ते आपोआप दुसरीतही उतरतं. एक गेली तर दुसरी असते."

"म्हणजे घराची जादा किल्ली तुम्ही पहिल्या किल्लीच्याच जुडग्यात अडकवून ठेवलीत."

त्यानं मान खाली घातली. निम्मं जग तेच करतं.

पेटीची खोली म्हणजे एक अडगळीएवढं कोठार, रेकॉर्डिंगच्या खोलीला लागूनच. आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओभर पायाचा घोटा रुतेल असा जाड गालिचा होता, तो इथेही होता. फळी एका बाजूनं लोंबत होती, तिच्याखाली पेटी आडवी. मी गुडघ्यावर बसले आणि पेटी फिरवून पाहिली. पत्र्याचे तीन कोपरे आत चेपले होते.

मी पिशवीतली हातोडी काढून गालिच्यावर टाकली. आवाजसुद्धा आला नाही.

मग बाहेरच्या फरशीच्या बोळात आले. उंबऱ्याजवळच्या एका फरशीचा टवका उडाला होता, आणि आतला पांढरा भाग अगदी ताजा होता.

"तुमची पेटी पडली नाही," मी भाच्याला म्हटलं. "कुणीतरी ती इथे नेऊन आपटली, एकदा नव्हे, तीनदा. मग परत आणून ठेवली आणि चालू करून दिली, म्हणजे राहिलंसाहिलंही खरवडून निघेल."

२

स्टुडिओची किल्ली वरच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. घरच्या माणसांनी आणि कामाच्या माणसांनी ती हवी तेव्हा काढावी आणि परत लावावी, असा कारभार. त्यामुळे पेटी कोण आपटू शकलं असतं, तर कुणीही.

मी वर गेले. आत्या खिडकीपाशी बसली होती. गळ्याला पट्टी, मांडीवर मुलांची पुसायची पाटी. शेजारी तिची लेक. मी काही विचारलं की लेकच उत्तर द्यायची, आणि उत्तर देण्याआधी समोर बसलेल्या नवऱ्याकडे बघायची. शेवटी आत्यानं पाटीवर बोटं वाजवली आणि लिहिलं : "स्वर गेलाय. अक्कल शाबूत आहे. मला विचारा."

मला ती बाई तिथेच आवडली.

"तुमच्या आवाजावर कुणाचा डोळा होता?"

तिनं लिहिलं : "एक जाहिरात कंपनी मागत होती. यंत्राकडून काहीही वदवून घ्यायला. साबण, कर्ज, सगळं. मी नाही म्हटलं."

"मीच म्हणत होतो की हो म्हण," भाचा मध्येच बोलला. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नसावी. "स्टुडिओ कसाबसा चाललाय. आठवडाभर रुसलो होतो मी आत्यावर. पण हे असं? छे!"

रेकॉर्डिंग करणारा गृहस्थ खाली भेटला. पिकलेल्या मिशांचा, मितभाषी. त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण दोन खोल्या पलीकडे चमचा पडला तरी त्याला कळायचं. तो दुसऱ्या स्टुडिओत जायचं म्हणत होता आणि त्यावरून मालकाशी त्याचं वाजलं होतं.

"भांडण मालकाशी आहे," तो म्हणाला. "त्या आवाजाशी नाही. अर्धं आयुष्य तो आवाज स्वच्छ करण्यात गेलंय माझं."

"या पेटीचा त्रास होता का कधी? काही आवाज वगैरे?"

"पंख्याची घुं घुं. बास. तिच्याइतकं शांत या घरात कुणी नाही."

राहिले जावईबापू. जाहिरातीच्याच धंद्यातले, कडक इस्त्रीचे, हसताना आधी समोरच्याचा अंदाज घेणारे. त्यांनी स्वतःहून माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "सासूबाईंची ने-आण करतो, एवढंच माझं काम. त्या पेटीच्या वाटेला मी कधी जात नाही. चुकून हात लागायचा आणि ती टीं टीं करत घर डोक्यावर घ्यायची. नकोच ते."

मी मान डोलावली आणि पेटी उचलून कामाच्या जागी आणली. ते वाक्य कानात घुसलं होतं, पण त्याचं वजन तेव्हा मला कळलं नव्हतं.

३

डिस्क उघडायची तर हवेत धुळीचा कणसुद्धा चालत नाही. आत आरशासारख्या चकत्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्यावर केसाहून कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगत असते. धक्का बसून ती सुई मोडली आणि तशीच डिस्क चालू ठेवली, की ती चकती नांगरत जाते. चकतीवरचा थरच उडाला, तर माझ्यासारखीनं तिथून काय वाचायचं?

हातमोजे घालून मी पहिलीचं झाकण काढलं. आरशावर गोल गोल करडे ओरखडे. दुसरीचीही तीच गत. मी माझ्या कामाबद्दल फाजील विनय बाळगत नाही. जे निघण्यासारखं असतं ते मी काढते. इथे काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भाच्याला फोन करायला हात उचलला आणि थांबले. दोन्ही झाकणं टेबलावर शेजारी शेजारी पडली होती. झाकणावर कारखान्याची चिकटपट्टी असते आणि डिस्क कधी बनली ते तिच्यावर छापलेलं असतं. पहिली दोन वर्षांपूर्वीची. दुसरी गेल्याच उन्हाळ्यातली.

मी भाच्याला फोन लावला. "डिस्का कधी बसवल्यात?"

"दोन वर्षं झाली. आमचा मेंटेनन्सवाला आहे, स्क्रूभाऊ म्हणतो आम्ही त्याला. त्यानंच एका दिवशी दोन्ही बसवल्या."

"नंतर एखादी बदलली?"

"नाही बुवा. का?"

"कारण त्या दिवशी यातली एक जन्मालाच आली नव्हती."

४

स्क्रूभाऊ माझ्या टेबलाशी आला तोच फुरंगटून. पोटावर हत्यारांचा पट्टा, कानामागे पेन्सिल. "लोकांना वाटतंय मी काहीतरी केलं," तो म्हणाला.

"मला अजून काहीच वाटत नाही. हे बघा." मी धाकट्या डिस्कचा ट्रे त्याच्यापुढे सरकवला. पेटीत डिस्क अशीच सरकत नाही. ती आधी एका पत्र्याच्या ट्रेवर चार बारीक स्क्रूंनी आवळावी लागते.

त्यानं ट्रे उजेडात धरला आणि त्याचा चेहराच बदलला. "हे कुणी केलं? अहो, या स्क्रूंची डोकी बघा. चघळल्यासारखी झालीत. सुरीच्या टोकानं पिळलेत हे. माझा हात नाही हा, बाई. झोपेतसुद्धा मी असं करणार नाही."

"हात मुद्दाम बिघडवताही येतो."

"येतो की. पण कशाला?" तो आता खवळला होता. "मी दर महिन्याला येतो. डिस्क बदलायची असती तर सगळ्यांदेखत बदलली असती. म्हटलं असतं, ही थकलीय. कुणी विचारणार होतं मला?"

अगदी बरोबर होतं. ज्याला राजरोस दारातून जाता येतं तो खिडकी कशाला फोडेल? हे काम लपून करावं लागलं, त्या अर्थी करणाऱ्याला पेटी उघडायचा हक्कच नव्हता.

"एक सांगा. तुम्ही त्या पेटीतली डिस्क काढता तेव्हा ती ओरडत नाही?"

"मी आधी पेटी बंद करतो, मग हात लावतो. चालू असताना ओढली तर बोंबलते ती, कंपनीनं तशी सोयच केलीय. पण माझ्यासमोर कधी बोंबलली नाही."

"आणि काढलेल्या डिस्कमध्ये सगळं असतं, हे तुमच्याकडून कुणी विचारून घेतलं होतं?"

त्यानं पेन्सिलीनं कान खाजवला. "दोन्ही सारख्याच आहेत म्हटल्यावर कुणालाही कळेल. मी बसवताना घरातले सगळे जमले होते. तोंडी समजावलं होतं मी. एक काढली आणि जागी कोरी ठेवली, तर पेटी त्या कोरीवर सगळं पुन्हा उतरवून घेते. कुणाला पत्ता लागत नाही."

तो गेल्यावर मी बराच वेळ तो ट्रे हातात फिरवत बसले. कुणीतरी मूळ जोडीतली एक डिस्क उचलली होती आणि तिच्या जागी कोरी ठेवली होती. पेटीनं गुमान तिच्यावर सगळं उतरवलं. पुढे दोन्ही आपटून टाकल्या, तेव्हा सगळं संपलं असं सर्वांना वाटलं.

पण उचललेली ती थोरली कुठेतरी धडधाकट होती, आणि आत्याचा आवाज तिच्यात होता.

५

आता प्रश्न एकच. डिस्क कधी काढली? दिवस कळला की माणूस कळणार.

मी पुन्हा स्टुडिओत गेले. कानसेन रिकाम्या खोलीत हेडफोन लावून बसला होता.

"शस्त्रक्रियेच्या आधीच्या दुपारी आत्यानं शेवटची गोष्ट वाचली," तो म्हणाला. "ती मी साफ करायला घरी नेली होती. तेवढी बचावली. यंत्राला पुरणार नाही ती, विचारलं मी. पण मला पुरते."

"साफ म्हणजे काय करता?"

"खोकला, पानांचा आवाज काढतो. आणि यात मागं एक बारीक टीं टीं आहे. ते अजून काढायचंय. कुणाच्या तरी मोबाइलचं असावं."

मी हात पुढे केला. "ऐकवा."

त्यानं हेडफोन दिले. तो आवाज पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकला. एक सांडणी आणि तिचं हरवलेलं पिल्लू, अशी काहीतरी गोष्ट होती. वाक्यांच्या मधल्या शांततेत, अगदी लांबून यावं तसं, टीं… टीं… टीं.

"हे इथे कसं पोचलं?"

कानसेननं वर बोट केलं. काचेपलीकडच्या आत्याच्या खोलीत छताजवळ हवेची जाळी होती. "पलीकडे कोठार आहे. हवा दोन्हीकडे एकाच नळीतून जाते. आम्ही काचेच्या या बाजूला होतो, आणि माझं सगळं लक्ष आत्याच्या शब्दांत; आमच्या कानावर काही आलं नाही. मायक्रोफोननं मात्र टिपलं."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि मालक. ऐका पुढे."

टीं टीं चालू असतानाच आतल्या स्पीकरवरून भाच्याचा आवाज आला. "आत्या, ते शेवटचं वाक्य परत घेऊ या का?" आणि आत्याचं उत्तर, "घेऊ या की. मी कुठे पळून चाललेय?"

थोड्या वेळानं टीं टीं थांबली, तेव्हा मी हेडफोन काढले. असल्या पेट्यांचं ओरडणं मी शंभर ठिकाणी ऐकलंय. चालू पेटीतली डिस्क ओढली की ती असंच ओरडते, आणि मागचं बटण दाबलं की गप्प बसते.

वर जाऊन आत्याला विचारलं, "त्या दुपारी तुम्हाला खाली कुणी आणलं होतं?"

तिनं लेकीकडे पाहिलं. मग सावकाश लिहिलं : "जावईबापूंनी. मी आत वाचत होते. ते बाहेर थांबले होते."

लेकीनं ती पाटी वाचली. तिनं हातातला पेला खाली ठेवला आणि पाटी पुसून टाकली.

६

मी सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. भाचा आवाजाच्या मिक्सरसमोर खुर्चीत, कानसेन भिंतीला टेकून, स्क्रूभाऊ दारात, आत्या आणि लेक सोफ्यावर. जावईबापू उभेच राहिले, घड्याळ बघत.

मी चेपलेली पेटी आणि दोन्ही झाकणं टेबलावर ठेवली आणि जे घडलं ते सांगितलं. गालिचा, फरशीचा टवका, धाकटी डिस्क, चघळलेले स्क्रू. मग कानसेनला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. खोलीत आत्याचा आवाज भरला आणि लेकीनं डोळे मिटले.

"ही टीं टीं ऐकताय? डिस्क याच क्षणी पेटीतून बाहेर आली. आत्या माइकसमोर, कानसेन आणि भाचा काचेमागे. आत्याचा आणि भाच्याचा आवाज याच रेकॉर्डिंगमध्ये आहे, आणि कानसेन भाच्याशेजारी बसून तेच रेकॉर्डिंग करत होता. स्क्रूभाऊंना चोरून काही करायची गरज नव्हती आणि हे स्क्रू त्यांचे नाहीत. उरलं कोण?"

"अहो, बाहेर शंभर माणसं असतात," जावईबापू हसले. "उद्या म्हणाल दूधवाल्यानं केलं."

"दूधवाल्यानं मला पेटी कशी ओरडते ते सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत."

"मी?"

"ज्या माणसाचे कान घरभर नावाजलेले आहेत, त्या कानसेननं तिची फक्त घुं घुं ऐकलीय. पेटी ज्यानं बसवली त्या स्क्रूभाऊसमोरही ती कधी ओरडली नाही. हे घर तिला गरीब गाय समजत होतं. तुम्ही मात्र म्हणालात, हात लागला तर टीं टीं करत घर डोक्यावर घेते. या घरात ती एकदाच ओरडली, आणि तेव्हा तिच्यासमोर एकच माणूस होता."

हसू गेलं, पण ते डगमगले नाहीत. "शब्दांचे खेळ आहेत हे. असल्या पेट्या मी ऑफिसात पाहिल्यात."

"मग यातलं ओ की ठो कळत नाही, असं का म्हणालात?"

भाचा उठून उभा राहिला. "भावोजी, खरं सांगा."

"पुरावा दाखवा," जावईबापू म्हणाले. "डिस्क दाखवा. नसेल तर मला कामं आहेत."

इथे माझं घोडं अडलं होतं. डिस्क कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. मी तशीच त्यांच्याकडे बघत राहिले, माहीत असल्यासारखी.

"गाडीच्या डिकीत आहे," लेक म्हणाली.

सगळे वळले. ती नवऱ्याकडे न बघता बोलत होती, आणि तसं बोलताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

"जादा चाकाच्या खाली. टॉवेलात गुंडाळलेली. पंक्चर झालं तेव्हा मी पाहिली. काय आहे विचारलं तर म्हणाले, ऑफिसची जुनी डिस्क आहे, टाकायची आहे. मी विश्वास ठेवला." तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "पेटी फुटल्यावर मनात आलं होतं. दोनदा विचारणार होते. धीर झाला नाही."

"तुला यातलं काय कळतं?" जावईबापू खेकसले. "कंपनीची अटच होती. आवाज दुसऱ्या कुणाकडे असता कामा नये. कुणाकडेही!"

"माझ्या आईकडेही नाही?"

त्यांना बोललेलं परत घेता येईना.

आत्यानं पाटी उचलली, काही लिहिलं, पुसलं. मग पाटी बाजूला ठेवली आणि लेकीचा हात दोन्ही हातांत घेतला. लेकीनं दुसरा हात नवऱ्यापुढे केला. "गाडीची किल्ली."

स्क्रूभाऊ दारातून हलला नाही. किल्ली द्यावी लागली.

"कुणीही ती कशाला जोडू नका!" मी ओरडत लेकीमागे धावले. चाकाखाली धक्के खाल्लेली डिस्क अजून धडधाकट असेल, याची मला खात्री नव्हती.

७

थोरली डिस्क चिवट निघाली. सुई जागेवर, चकत्या लख्ख. आधी तिची जशीच्या तशी नक्कल उतरवली, मग तिला हात लावला. एक प्रत इस्पितळात गेली, एक स्टुडिओच्या नव्या पेटीत, आणि एक माझ्या कपाटात कुलपात. भाच्यानं ती कुठे आहे ते विचारलं, तेव्हा मी सांगितलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. शहाणा झाला होता.

जाहिरात कंपनीनं हात झटकले. पोलिसांत जायचं की नाही, हे आत्यानं लेकीवर सोपवलं. लेक गेली. तक्रार स्वतः लिहून दिली, आणि तिथूनच सामान घेऊन आईकडे राहायला आली. कानसेन दुसऱ्या स्टुडिओत जायचं म्हणत होता ते मागे पडलं. मालकाशी वाजतं अजून, पण रोजचं.

यंत्र आलं त्या दिवशी मी नवीन पेटीची तपासणी करायला गेले होते. निदान सबब तीच होती. वाचातज्ज्ञ बाईंनी छोटीशी पाटी आत्याच्या हातात दिली आणि सांगितलं, काहीही टाइप करा. सगळे भोवती जमले. पहिलं वाक्य काय असेल यावर भाच्यानं आणि स्क्रूभाऊनं पैज लावली होती.

लेकीला ते सोसवलं नाही. ती आईच्या पायाशी बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली; इतक्या दिवसांचं सगळं एकदम. खोली अवघडली. आत्यानं तिच्या डोक्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं शांतपणे टाइप करत राहिली.

मग तो आवाज आला. थोडा सपाट, पण तोच, मुलांना झोपवणारा.

"आधी चहा टाक, बाळा. मग दोघी मिळून रडू."

लेक रडता रडता हसली, नाक पुसलं, आणि स्वयंपाकघरात गेली.